सर, मग तारेत भोवरे होतात का?

बारावीला करंट शिकवताना आम्ही सगळेच नळाच्या पाण्यावर जातो. व्होल्टेज म्हणजे टाकीतल्या पाण्याचा दाब, बारीक नळी म्हणजे जास्त रेझिस्टन्स. पोरांना पटकन कळतं. २०१४च्या सुमाराला मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग तारेत भोवरे होतात का?" वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "उपमा एवढी ताणायची नसते रे."

तांब्याच्या तारेपुरतं ते खरंच होतं. तिथे इलेक्ट्रॉन अशुद्धींवर आणि थरथरणाऱ्या अणूंवर आदळतो आणि आपला मोमेंटम, म्हणजे पुढे जाण्याचा जोर, तिथेच घालवून बसतो. पाण्याचे रेणू आदळतात ते एकमेकांवर. एकाचं गेलेलं दुसऱ्याला मिळतं, मोमेंटम घरातच राहतो.

पण ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा, बोरॉन नायट्राइडच्या दोन थरांमध्ये जपून ठेवला की अशुद्धी जवळपास उरत नाही. मग ठरावीक तापमानांना इलेक्ट्रॉन मुख्यतः आपापसांतच आदळतात आणि चक्क द्रवासारखे वाहतात. २०१६ मध्ये मँचेस्टरच्या गटाने या द्रवाचा चिकटपणा काढला, तो मधाच्या साधारण दसपट! (श्यानता भागिले घनता, ती. नाहीतर कॉमेंटमध्ये कोणीतरी मला धरेल.)

मला सगळ्यात आवडतं ते युक्रेनमधल्या खारकिवच्या गुर्झी या भौतिकशास्त्रज्ञाचं १९६३चं भाकीत. धातू तापवला की रेझिस्टन्स वाढतो, हे आपण घोकून घेतो. गुर्झी म्हणाले, इलेक्ट्रॉन द्रवासारखे वाहिले तर चिंचोळ्या वाटेत रेझिस्टन्स तापवल्यावर कमी होईल. कारण आपापसांत जास्त आदळले की कडेचे इलेक्ट्रॉन मधल्यांना भिंतीपासून वाचवतात. पाटाच्या पाण्यासारखं, मध्ये जोर आणि कडेला संथ. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१९ मध्ये ग्राफीनमधल्या या वाहण्याचं चित्रच काढलं.

ग्राफीनच्या बातम्या मात्र "आता मोबाईल सेकंदात चार्ज" अशाच येतात. अरे, निदान ते पाणी तरी बघा!

आणि भोवरे? २०२४ मध्ये झुरिकच्या गटाने ग्राफीनच्या पट्टीला गोल चकत्या जोडल्या. १.२ मायक्रोमीटरच्या चकतीत करंट उलटा वळून फिरताना दिसला, तोही खोलीच्या तापमानाला. ३ मायक्रोमीटरच्या चकतीत नाही दिसला.

त्या पोराचं नाव मला आठवत नाही. ही पोस्ट त्याच्यापर्यंत पोचलीच तर, हो रे, होतात. तुझ्या घरच्या वायरीत नाहीत, एवढंच.