बघायलाच हवा असं काही नाही

ओळखीत असा एक तरी माणूस असतोच. त्याला विचारावं, "तो नवीन सिनेमा कसा आहे रे?" तर म्हणतो, "अजून बघितला नाही, त्यामुळे सांगता येणार नाही." अशा माणसाला लोक पुन्हा विचारत नाहीत. चार डोकी जमून सिनेमाचा विषय निघाला की तो बिचारा कोपऱ्यात बसून सगळ्यांचं ऐकत असतो. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून अनुभवाचे हे चार बोल.

मुळात मत द्यायला सिनेमा किती बघावा लागतो? पूर्ण, असं ज्यांना वाटतं ते भाबडे लोक. 2020 च्या सुरुवातीला नेटफ्लिक्सने आपला हिशेब बदलला आणि सांगून टाकलं की एखाद्या घरात एखादा सिनेमा मुद्दाम लावला आणि किमान 2 मिनिटं चालला, की तो त्यांच्या आकड्यांत मोजायचा. त्याआधी निदान 70 टक्के बघावा लागत असे. पुढे त्यांनी ही सवलत काढून घेतली; आधी पाहिलेले तास मोजायला घेतले आणि 2023 पासून त्या तासांना सिनेमाच्या लांबीने भागू लागले. तुम्ही मात्र 2 मिनिटांनाच धरून राहा. इतकी सोयीची व्याख्या पुन्हा कोणी करून देणार नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच, फक्त शीत शिजेपर्यंत थांबायचं नाही. तेवढ्या वेळात निर्मात्यांची बोधचिन्हं फिरून होतात आणि आकाशातून कॅमेरा एखाद्या शहरावर उतरतो. "निर्मितिमूल्यं उत्तम आहेत" एवढं म्हणायला ते पुष्कळ झालं.

पॉलिन केल नावाच्या नामांकित अमेरिकी समीक्षक सिनेमा एकदाच बघायच्या, दुसऱ्यांदा सहसा नाहीच. त्या एका बघण्यावर त्यांनी 'न्यूयॉर्कर'मध्ये, मधला थोडा काळ सोडला तर, 1968 पासून 1991 पर्यंत लिहिलं. त्यांना एकदा लागायचं, तुमचं अर्ध्यात भागतं. पुढच्या पिढ्या हुशार होत जातात ते असं.

तरीही कधी सिनेमा बघण्याची वेळ आलीच, तर तो नीट बघू नका. नीट बघितलेल्या सिनेमाबद्दल ठाम बोलणं फार जड जातं. मोबाइल हातात हवाच. पडद्यावर एक बाई दार उघडते, दारात एक माणूस, त्याच्या हातात पाकीट. इथे तुमच्या मोबाइलवर कुणीतरी अंगठा पाठवतो. अंगठा कशासाठी होता हे शोधून तुम्ही मान वर करता, तर तो माणूस जिन्यावर बसून रडतोय.

"अगं, हा का रडतोय?"

"तो गेला ना."

"कोण?"

"तो नाही का, सुरुवातीचा. चष्मेवाला."

"चष्मेवाला हाच ना?"

"नाही, हा त्याचा भाऊ. थांब, आता काय म्हणाली ती?"

आता दोघांनाही काही कळत नाही. मग दहा सेकंद मागे नेणारं बटण तीनदा दाबायचं. पुन्हा दार, पुन्हा पाकीट, आणि त्याच जागेवर पुन्हा मोबाइल थरथरतो. असं दोनदा झालं की रिमोट खाली ठेवून म्हणायचं, "पटकथा फारच विस्कळीत आहे." हे वाक्य पाठ करून ठेवा. मोबाइल जितका जवळ, तितकी पटकथा विस्कळीत. हा नियम मी अजून खोटा ठरलेला पाहिलेला नाही.

वेळ कमी असेल तर वेग वाढवायची सोय आहेच. 2019 मध्ये नेटफ्लिक्सने काही अँड्रॉइड फोनवर ती करून बघितली, तेव्हा काही दिग्दर्शक खवळले होते. आम्ही रक्त आटवून साधलेली लय तुम्ही अंगठ्याने मोडता, असा त्यांचा सूर होता. पुढच्या वर्षी सोय आलीच. दीडपट वेगाने 2 तासांचा सिनेमा 80 मिनिटांत आटोपतो. वाचलेली 40 मिनिटं तो किती संथ होता हे लोकांना समजावण्यात सत्कारणी लावावीत. सोबत "सगळी पात्रं फार घाईत बोलतात" अशीही तक्रार करता येते. या दोन तक्रारींचं एकमेकींशी जमत नाही, पण आजवर कुणी त्या जोडून बघितलेल्या नाहीत.

आता आपल्या ठेवणीतल्या वाक्याकडे येऊ. "मध्यंतरापर्यंत मस्त आहे, नंतर ढेपाळतो." घरी बघितलेल्या सिनेमाला मध्यंतर नसतं, हा आक्षेप कुणी घेणार नाही, बिनधास्त म्हणा. आणि खोलात गेलं तर घरीही मध्यंतर असतंच. सुरुवातीला तुम्ही सोफ्यावर ताठ बसलेले असता. अर्ध्या तासाने पाठ टेकते, मग एक पाय वर येतो, मग दुसरा, मग उशी मानेखालून डोक्याखाली सरकते. त्या घटकेला सिनेमा ढेपाळायला सुरुवात होते. रिमोट हातातून गळून पडला की त्याला "दिग्दर्शकाची पकड सुटली" म्हणतात. सकाळी उठल्यावर शेवटची पाच मिनिटं बघून घ्यायची आणि "शेवट अगदीच गुंडाळलाय" अशी पुस्ती जोडायची. मधले पाऊण तास कुठे गेले हे विचारायची हिंमत फक्त घरच्यांची होते, आणि त्यांच्यासमोर आपल्याला मत द्यायचंच नसतं.

तांत्रिक बाजूंवर बोललात तर वजन आणखी वाढतं. त्यासाठी टीव्हीच्या सेटिंगला हात न लावणं हे पथ्य. सिनेमा साधारणपणे सेकंदाला 24 चौकटी या वेगाने दाखवला जातो. बऱ्याच नव्या टीव्हींमध्ये मोशन स्मूदिंग नावाची करामत आधीपासून चालू असते. त्यात दोन चौकटींच्या मधली चौकट टीव्ही आपल्या मनाने रचून घुसवतो आणि पाण्यासारखा पैसा ओतून काढलेला सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. डिसेंबर 2018 मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्टोफर मॅक्वॉरी यांनी खास व्हिडिओ करून लोकांना विनवलं होतं की बाबांनो, हे बंद करा. तुम्ही बंद करू नका. बंद केलंत तर "हल्ली सगळे सिनेमे मालिकांसारखे काढतात" हे निरीक्षण हातचं जाईल.

वरखालच्या काळ्या पट्ट्यांचंही तसंच. रुंद पडद्यासाठी 2.39:1 या मापात काढलेला सिनेमा 16:9 च्या टीव्हीवर लावला की जवळजवळ पाव पडदा काळा राहतो. टीव्हीचे पूर्ण पैसे मोजले असताना पाव भाग काळा का म्हणून सोसायचा? झूम करून टाका. पट्ट्या जातात, त्यांच्याबरोबर डाव्या आणि उजव्या कडेला उभी असलेली माणसंही जातात, आणि नायक पडद्याबाहेरच्या कुणाशी तरी भांडत बसतो. यावर "पात्रांमधलं नातंच उभं राहत नाही" असं म्हणायचं. दुपारी पडदे न ओढता रात्रीची दृश्यं बघितली तर "छायाचित्रण काळोखं", आणि भाषांतरित आवाज लावून बघितला तर "संवादफेक कृत्रिम". या दोन गोष्टींत फार खोल शिरण्याचं कारण नाही.

इतकं करूनही मत सुचत नसेल तर उसनं घ्यावं. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचा टक्का एक नजर टाकून पाठ करावा. तो टक्का सांगतो की किती समीक्षकांना सिनेमा बरा वाटला. किती बरा वाटला हे त्यातून कळत नाही. सगळ्यांनी "ठीक आहे, बघायला हरकत नाही" म्हटलं तरी 100 भरतात, आणि निम्म्यांना जीव ओवाळून टाकावासा वाटला, निम्म्यांना फेकून द्यावासा वाटला, तर 50. हा तपशील कुणाला सांगत बसू नका. "नव्वद टक्के आहे त्याला" एवढं म्हणून थांबा. समोरचा ते दहापैकी नऊ असं ऐकतो आणि गप्प बसतो. टक्का आवडला नाही तर "समीक्षकांना काय कळतंय?" म्हणायचं. एकाच संध्याकाळी दोन वेगळ्या सिनेमांबद्दल ही दोन्ही वाक्यं वापरणारे माझ्या पाहण्यात आहेत, आणि त्यांना फार मान आहे.

अभिजात सिनेमाची गोष्ट वेगळी. तिथे कंटाळा आला हे मरेपर्यंत कबूल करायचं नाही. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक दर दहा वर्षांनी जगातल्या सर्वोत्तम सिनेमांसाठी मतं मागवतं. 2022 मध्ये सोळाशेहून जास्त समीक्षक आणि अभ्यासकांच्या मतांतून 1975 चा 3 तास 21 मिनिटांचा एक बेल्जियन सिनेमा पहिला आला. त्यात एक विधवा स्वयंपाक करते, भांडी घासते, बटाटे सोलते, आणि हे सगळं जवळजवळ जितका वेळ लागतो तितका वेळ घेऊन. ज्यांनी तो खरोखर मन लावून बघितला ते सांगतात की तिसऱ्या तासाला तिच्या हातून चमचा पडला तरी छातीत धस्स होतं. तुमच्याकडे तेवढा वेळ नाही, आणि दीडपट वेगात चमचा पडलेला कळतही नाही. तुम्ही डोळे किंचित मिटून "त्यातला काळाचा अनुभव..." एवढंच म्हणा आणि वाक्य अर्धं सोडा. मी स्वतः या सिनेमाच्या बाजूचा आहे, पण ते इथे सांगून लेखाचा नूर बिघडवत नाही.

राहता राहिला शेवट फोडण्याचा विषय. 1955 सालच्या एका फ्रेंच रहस्यपटाच्या अखेरीस पडद्यावर पाटीच येते: दुष्टपणा करू नका, तुमच्या मित्रांची मजा घालवू नका, काय पाहिलंत ते त्यांना सांगू नका. त्याला कितीतरी वर्षं झाली, पण त्या पाटीचा परिणाम झालेला माणूस मला अजून भेटलेला नाही. उलट शास्त्र तुमच्या बाजूने आहे. 2011 मध्ये सान दिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 12 लघुकथांवर प्रयोग केला, तर शेवट आधी कळलेल्या वाचकांना कथा एकंदरीत जास्त आवडल्या. प्रयोग कथांवर होता, सिनेमांवर नव्हता, हा भाग वगळायचा. पुराव्यातला किती भाग सांगायचा आणि सिनेमाचा किती भाग बघायचा, दोन्हीकडे आपला हिशेब एकच.

शेवट फोडायचीही एक रीत आहे. "मी काही सांगत नाही हं, पण बहिणीवर लक्ष ठेव" असं म्हटलं की काहीच सांगितलं नाही आणि सगळं सांगितलं. समोरची व्यक्ती मोठी असेल, मामा किंवा काकू, तर "तुम्ही बघा हो, तो डॉक्टर दिसतो तसा नाहीये, बस्स" इतकं पुरे. चेहरे पडतात तेव्हा विषय बदलू नये. "तरीपण बघण्यासारखा आहे" असं सांगून त्यांना पुन्हा आशेला लावावं.

धोका एकाच प्रकारच्या माणसाकडून असतो. तो सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघतो, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवतो, श्रेयनामावली सरकत असतानाही उठत नाही. आणि विचारलं तर म्हणतो, "अजून डोक्यात घोळतोय. ती पत्र वाचत नाही, तसंच परत ठेवून देते, ते का असेल?" असं काही कानावर आलं की गडबडून जाऊ नका. "तेच तर! दिग्दर्शकाने ते प्रेक्षकांवर सोडलंय," असं म्हणायचं. कुठल्याही सिनेमातल्या कुठल्याही पत्राला हे उत्तर चालतं.

आणि शिफारस करताना हात आखडता घेऊ नका. भेटेल त्याला "नक्की बघ, डोकं सुन्न होतं" म्हणून सांगत सुटा. दहातला एखादा ते मनावर घेतो. रविवारी मुद्दाम वेळ काढून सिनेमा बघतो आणि सोमवारी तुम्हाला गाठतो. डोळे चमकत असतात, बोलायला नुसता उतावीळ झालेला असतो.

"अरे, बघितला मी काल! तू म्हणालास ते अगदी खरं. तो शेवट..."

इथे हात वर करून त्याला थांबवायचं.

"ए, सांगू नकोस हं. माझा अजून अर्धा राहिलाय."