बेलिफसाहेबांसाठी गाणं

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी तोच वाद पेटतो: मराठी सिनेमात गाणी हवीत कशाला? एक गट म्हणतो, वास्तव दाखवायचं म्हणता, मग माणूस मध्येच गायला कसा लागतो? दुसरा गट संगीत नाटक काढतो आणि थेट बालगंधर्वांपर्यंत जातो. बँकेत वसुलीला असलेला माझा मामेभाऊ पहिल्या गटात. त्याचा हुकमी पत्ता ठरलेला: "इतक्या वर्षांत जप्तीला गेल्यावर एकही माणूस गाताना दिसला नाही."

मी पाहिलीत तशी माणसं. इथे बर्लिनमध्ये, पडद्यावर.

१९३० चा 'डी द्राय फॉन डेअर टांकश्टेले', म्हणजे पेट्रोल पंपावरचे तिघे. उफा कंपनीचा बोलपट, दिग्दर्शक विल्हेल्म थीले, संगीत वेर्नर रिचर्ड हायमन यांचं. तीन मित्र भटकून घरी येतात तर पैसा बुडालेला आणि बेलिफ दारात. जर्मनीत जप्तीच्या मोहरेला लोक 'कुकुक' म्हणतात. तिच्यावरच्या सरकारी गरुडाला थट्टेनं कोकिळेच्या जातीत ढकललेलं. तिघं बेलिफाला लाडीगोडीनं "प्रिय, भल्या बेलिफसाहेब" असं गाऊन दाखवतात. घर रिकामं होतं, ते गाण्याच्या ठेक्यावर. मग गाडी विकून ते पंप टाकतात आणि नाव त्याच पाखराचं देतात.

बर्लिनमध्ये हा लागला १५ सप्टेंबरला. आदल्या दिवशी निवडणूक झाली होती आणि नाझींच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या होत्या. बेकार सुमारे ३० लाख. थिएटरात बसलेल्यांपैकी कितीतरी जणांना ती मोहर घरातली ओळखीची असणार. त्यांना कोणी दिवाळखोरी समजावून सांगायची गरज नव्हती. तिला चाल लावून दिली, एवढंच.

विरोधकांचं एक म्हणणं मला मान्य आहे. शेवटी श्रीमंत मुलगी, कंपनी आणि डायरेक्टरची खुर्ची हे सगळं एकाच हप्त्यात नायकाला मिळतं. हे बेकारीवरचं उत्तर नव्हे, स्वप्नच. आणि गाणं कुणाला वाचवतही नाही. हायमन, थीले, निर्माता एरिख पोमर यांना हिटलर आल्यावर देश सोडावा लागला. सिनेमात वकिलाचं काम केलेला धिप्पाड नट कुर्ट गेरॉन १९४४ साली ऑशविट्झमध्ये मारला गेला. १९३७ मध्ये या सिनेमावरच बंदी आली. नायक विली फ्रिच मात्र उफातच राहिला, आणि हलकीफुलकी गाणी नव्या राजवटीलाही चाललीच. म्हणून इथे हा सिनेमा पाहताना माझं हसू मध्येच अडकतं.

पण आपल्याकडे वाद असा होत नाही. गाणं 'आहे' की 'नाही' एवढंच मोजतात. ते काय काम करतं, हे कोणी विचारत नाही. आयटम साँग आणि बेलिफाचं गाणं एकाच तागडीत! प्रभातने 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये मराठी आणि हिंदी असा दोनदा चित्रित केला, तसाच उफाही आपला सिनेमा फ्रेंच नट घेऊन पुन्हा चित्रित करत होता. दोन्हीकडे नव्या ध्वनियंत्रासमोर हाच प्रश्न होता: पात्रांनी बोलायचं कधी आणि गायचं कधी?

शेवट मला फार आवडतो. गोष्ट संपते, पडदा पडतो. नायिका लिलियन हार्वी आणि फ्रिच त्याच्यापुढे येतात आणि आपल्याकडे बघून चकित होतात: लोक अजून बसलेत! मग लक्षात येतं, ऑपेरेटा, म्हणजे तिकडचं हलकंफुलकं संगीत नाटक, म्हटल्यावर झगमगता फिनाले हवा, तो राहिलाच की. आपले सूत्रधार-नटी आधी येतात, हे दोघं उशिरा आले, इतकाच फरक.

बेलिफाच्या गाण्याची क्लिप ग्रुपवर टाकली. तासाभराने मामेभावाचं उत्तर आलं:

"पाहिलं. पंचनामा केलेला दिसत नाही."

आणि खाली: "चाल कुणाची म्हणालास?"