मंडळाच्या सभागृहातले जेवण स्वस्त का पडते? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कोकण किनाऱ्यावरच्या गावांत मंडळांच्या आणि जिमखान्यांच्या सभागृहांत शनिवार-रविवारी कुटुंबांसाठी जी माफक दरातली जेवणे होतात, त्यांच्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. मंडळांना भाडे आणि कर नसल्यामुळेच त्यांचे दर कमी असतात व त्यात शेजारची खानावळ चालवणारी बाई भरडली जाते. ही सभागृहे पुष्कळदा एकेका ज्ञातीची असल्याने ‘सर्वांसाठी’ या शब्दाला अर्थ उरत नाही. आणि सरकारी थाळी असताना मंडळांनी या कामात पडण्याचे कारण नाही.

शेवटच्या आक्षेपाचे उत्तर थोडक्यात देता येते. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० रोजी १० रुपये दराने सुरू झाली, ती दुपारच्या ठरावीक वेळेत गरजू माणसाच्या पोटात अन्न पडावे म्हणून. आजी, दोन मुले आणि दिवसभर कामाला गेलेले आईवडील यांनी संध्याकाळी एकत्र बसून निवांत जेवावे, ही गरज वेगळी आहे.

कराबाबत मात्र आपली समजूत तपासून पाहावी, असे मी आग्रहाने म्हणेन. क्लब आणि त्याचे सभासद एकच, म्हणून त्यांच्यातल्या व्यवहारावर कर नाही, हा युक्तिवाद पूर्वी चालत असे. पण २०२१ च्या वित्त कायद्याने १ जुलै २०१७ पासूनच्या व्यवहारांना लागू होईल अशी दुरुस्ती करून सभासद आणि संस्था यांना जीएसटीसाठी वेगवेगळे मानले. शिवाय आपल्याकडे सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असली, तर जीएसटीची नोंदणी लहान मंडळालाही लागत नाही आणि लहान खानावळीलाही लागत नाही. अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याने तर नफ्यासाठी चालणारा आणि नफ्याविना चालणारा अन्नव्यवसाय असा भेदच ठेवलेला नाही.

मग जेवण स्वस्त कशाने पडते? भाडे नसल्याचा फायदा आहे, तो मी नाकारत नाही. परंतु खरी बचत पाने किती हे आधी ठाऊक असण्यात आहे. हॉटेलवाल्याला गिऱ्हाईक किती येईल आणि काय मागेल हे सांगता येत नाही, त्यामुळे त्याला चार प्रकारचे मासे बर्फात ठेवावे लागतात, रिकाम्या दिवशीही वाढप्यांचा पगार द्यावा लागतो आणि उरलेल्या मालाचे नुकसान थाळीच्या दरात मिळवावे लागते. मंडळात दोन दिवस आधी नावे घेतली जातात, सर्वांना एकच बेत असतो, पंगत एकदम बसते आणि वाढायला सभासदच उभे राहतात. बेतही बाजार पाहून ठरतो. पर्यटकांच्या थाळीचा दर सुरमई-पापलेटावर ठरतो. मंडळाच्या पंगतीत बांगडा, तारली किंवा मांदेली असते, म्हणजे आपल्या घरी आठवड्याला जे शिजते तेच. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा ताज्या मासळीच्या मागे न लागता काळ्या वाटाण्याचे सांबारे, कुळथाची पिठी, सुकटीची चटणी, अळूचे फदफदे आणि भात असा बेत करता येतो, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. मे महिन्यात आणि नाताळात किनाऱ्यावरचे दर असे चढतात, की ज्या गावात आपण राहतो त्याच गावात सहा माणसांचे कुटुंब बाहेर जेवायला जाऊ शकत नाही. ही गोष्ट मला फार लागते, आणि मूळ लेख लिहिण्याचे कारणही तेच होते.

ज्ञातीच्या मुद्द्यावर मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे. ज्या कोकणात महाडला १९२७ साली पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह झाला, आणि रत्नागिरीत १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी सर्व हिंदूंसाठी पतितपावन मंदिर उभे केले, त्या कोकणात आज आडनाव पाहून पंगतीत पान मांडणे हे लाजिरवाणे आहे. ज्या सभागृहाला गावाची जागा, आमदार निधी किंवा गावभरची वर्गणी मिळाली आहे, त्याने जेवणाची नावे गावातल्या कोणाकडूनही, कोणत्याही धर्माच्या वा जातीच्या माणसाकडून, घेतली पाहिजेत. तशी तयारी नसेल, तर त्याने ते जेवण आपल्या सभासदांचे म्हणावे. त्यावर ‘सार्वजनिक’ अशी पाटी लावू नये.

राहिली खानावळवाली. तिची काळजी आपण केलीत, याबद्दल मला आपल्याविषयी आदर वाटतो. पण मंडळ आणि खानावळ यांना एकमेकांसमोर उभे करण्यापेक्षा मंडळाने स्वयंपाकाचे काम तिलाच द्यावे, असे मला वाटते. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते गिरणी कामगारांना डबे पुरवणाऱ्या अशाच बायकांना एकत्र आणून. त्यांचे रांधण्याचे कसब हेच त्या संस्थेचे भांडवल होते. गावात तीन खानावळी असतील तर आळीपाळीने तिघींना आठवडा वाटून द्यावा, पानामागे मजुरी आधी ठरवावी, किराणा आणि मासळी मंडळाने घ्यावी, आणि नावे दिलेल्यांपैकी कोणी आले नाही तरी तिची मजुरी कापू नये. असे झाले तर तिचा शनिवार बुडणार नाही. उलट किती पाने आणि किती पैसे, हे तिला गुरुवारीच कळलेले असेल. आपल्या गावच्या मंडळापुढे हा प्रस्ताव आपण मांडणार असाल, तर त्याचा मसुदा करायला मी आनंदाने मदत करेन.