पाइपात तेल दिसले म्हणून इंजिन उघडू नका

नाशिकमधील वेगवान गाड्यांच्या मालकांमध्ये एक मजकूर मोबाइलवरून मोबाइलवर फिरत असतो आणि दर काही दिवसांनी कोणी ना कोणी तो माझ्यासमोर धरतो. त्याचा आशय असा : एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतच्या, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेपर्यंतच्या, पाइपात बोट फिरवून पाहावे, बोटाला तेल लागले किंवा गाडीने धूर टाकला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असे समजावे, गाडीला टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा, असेल तर त्याचे सीलही गेले, तूर्त ब्रीदरची, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर नेणारी, नळी काढून उघडी सोडावी, जाड तेल भरावे आणि इंजिनाच्या कामासाठी पैशांची सोय करून ठेवावी. याच मजकुराच्या भरवशावर मागच्या हिवाळ्यात माझ्या एका परिचिताने आपल्या गाडीचे धडधाकट इंजिन उघडायला जवळजवळ होकार दिला होता, म्हणून त्यातील एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान रिंगांविषयीचे, आणि सर्वांत जास्त नुकसान करणारेही तेच. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधील दाब इतका मोठा असतो की नव्या, निर्दोष रिंगांच्या फटीतूनही थोडा वायू खाली चेंबरमध्ये, म्हणजे क्रँकचा दांडा फिरतो त्या पोकळीत, उतरतोच. त्याला बाहेर पडायला वाट ठेवली नाही तर आतला दाब वाढून सीलमधून तेल बाहेर येऊ लागेल, म्हणून प्रत्येक इंजिनाला ब्रीदर असतो. एके काळी त्याची नळी सरळ रस्त्याकडे तोंड करून सोडलेली असे. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियापासून हा वायू इनटेककडे, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या मार्गाकडे, वळवून पुन्हा जाळण्याची सक्ती सुरू झाली आणि आज तीच जगभरची रीत आहे. या वायूबरोबर तेलाचे अतिसूक्ष्म थेंब येतात. वाटेत बसवलेला सेपरेटर त्यांतील बरेचसे थेंब अडवून चेंबरमध्ये परत पाठवतो, पण सगळे अडवणे त्याला शक्य नसते. स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी काही दिवसांत चिकट होते, त्यावरून कढई गळकी आहे असा निष्कर्ष कोणी काढत नाही; पाइपातील तेलाच्या पातळ थराचेही तसेच आहे.

विचारायचे ते एवढेच की तेल किती आहे आणि कोठे आहे. किती, हे ठरवायला पाइप कापडाने पूर्ण पुसून घ्यावा, डिपस्टिकवरची पातळी लिहून ठेवावी आणि पाचेकशे किलोमीटर चालवून पुन्हा पाहावे. बोट ओलसर होण्याइतके तेल असेल तर ते सोडून द्यावे. पाइपाच्या खालच्या वळणात चमचाभर तेल साचले असेल तर कारण शोधायला लागावे. तेलाच्या खपाविषयीही उगाच घाबरण्याचे कारण नाही. काही युरोपीय उत्पादकांच्या पुस्तिकांमध्ये 1000 किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंतचा खप मान्य मर्यादेत धरलेला आहे.

कोठे, हा प्रश्न अधिक बोलका आहे. पेट्रोलच्या टर्बो गाडीत ब्रीदरच्या वायूला सहसा दोन वाटा असतात. गाडी आयडलिंगला, म्हणजे उभी राहून इंजिन नुसते चालू, असताना मॅनिफोल्डमध्ये, थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंत हवा नेणाऱ्या भागात, जोराची ओढ असते, तेव्हा वायू झडपेतून थेट मॅनिफोल्डमध्ये जातो. टर्बो दाब देऊ लागला की मॅनिफोल्डमधील दाब बाहेरच्या हवेपेक्षा वाढतो, ती झडप मिटते आणि वायू टर्बोच्या अलीकडच्या पाइपात येतो. टर्बोच्या अलीकडे तेल साचत असेल तर जोरात चालवतानाचा मार्ग तपासावा, फक्त मॅनिफोल्डमध्ये साचत असेल तर आयडलिंगचा. आणि ब्रीदरची नळी जेथे पाइपाला मिळते त्याच्याही अलीकडे, म्हणजे एअर फिल्टरच्या बाजूला, लालसर चिकट तेल दिसत असेल, तर ते बहुधा इंजिनाचे नाहीच. हौसेने बसवलेल्या सुती फिल्टरला धुतल्यानंतर तेल लावतात आणि ते हात सैल सोडून लावले की पाइपात उतरते, हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसते, गाडी अडखळू लागते आणि खापर रिंगांवर फुटते.

आता त्या परिचिताच्या गाडीविषयी. ती आडव्या सिलिंडरच्या बॉक्सर इंजिनाची, जुनी, दोन आसनी स्पोर्ट्स कार. मुंबई नाक्याच्या सिग्नलवर उभी असताना तिच्या सायलेन्सरमधून एवढा निळसर पांढरा धूर निघाला की शेजारच्या रिक्षावाल्याने उतरून आग लागली की काय ते पाहिले. इनटेकमध्ये तेल होतेच. एका गॅरेजने पाइपात बोट घातले, बोट दाखवले आणि इंजिन उघडण्याचा खर्च सांगितला. गाडी पाहायला गेलो तेव्हा मी इंजिन आयडलिंगला ठेवून तेल भरायचे झाकण काढायचा प्रयत्न केला. ते आतून कोणी धरून ठेवल्यासारखे घट्ट होते. जोर लावून सुटले तेव्हा फुस्स आवाज झाला आणि इंजिन डचमळू लागले. रिंगा गेलेल्या इंजिनात याच्या उलट घडते : झाकण सैल केले की आतून फुंकर येते.

खात्री करण्यासाठी आम्ही जे केले ते कोणालाही करता येईल. एका जादा झाकणाला भोक पाडून निपल बसवले, त्याला पारदर्शक नळी जोडली आणि नळीचे दुसरे टोक जमिनीवर ठेवलेल्या पाण्याच्या बादलीत बुडवले. चेंबरमध्ये ओढ असेल तर नळीत पाणी वर चढते, दाब असेल तर बादलीत बुडबुडे येतात. एकाच बादलीत दोन्ही रोगांची परीक्षा होते. अशा बॉक्सर इंजिनात पाणी साधारण चार ते सहा इंच चढणे ठीक मानतात. आमच्या नळीत ते दोन फुटांची खूण ओलांडून चढतच राहिले, म्हणून चावी ताबडतोब बंद केली, नाहीतर पाणी इंजिनात गेले असते. सेपरेटर काढला तेव्हा त्यातील रबरी पडदा कडेने फाटलेला होता. मॅनिफोल्डची ओढ चेंबरपर्यंत किती पोहोचू द्यायची हे तोच पडदा ठरवतो. तो फाटला की ओढ थेट चेंबरला लागते आणि तेलाचे तुषार नव्हेत, धारच वर खेचली जाते. अनेक टर्बो गाड्यांच्या ब्रीदरच्या झडपेतही असाच पडदा असतो आणि तो फाटल्यावर क्रँकच्या मागच्या सीलमधून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो.

टर्बोविषयीचे विधान अर्धवट ज्ञानातून आलेले आहे. ब्रीदरचा वायू टर्बोच्या अलीकडे येतो हे वर पाहिले; तो पुढे टर्बोतून आणि दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमधूनच जाणार, तेव्हा तेथे तेलकटपणा असणारच. टर्बोच्या आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन्ही पाइप काढून शेजारी ठेवावेत. दोन्ही सारखेच ओले असतील तर तेल टर्बोला वरून मिळाले आहे. आत येणारा कोरडा आणि बाहेर जाणारा ओला असेल तरच टर्बोवर संशय घ्यावा. तेवढ्यानेही टर्बो बदलायची घाई करू नये. त्याच्या शाफ्टला, मिनिटाला लाखापेक्षा जास्त फेरे घेणाऱ्या शाफ्टला, रबरी सील नसते. पिस्टन रिंगसारखी धातूची बारीक कडी असते आणि तेल तिच्यापर्यंत फारसे पोहोचू नये म्हणून ते खालच्या नळीतून केवळ आपल्या वजनाने चेंबरमध्ये उतरावे अशी योजना असते. ती नळी कचऱ्याने अरुंद झाली, किंवा चेंबरमध्ये दाब वाढला, तर नवा कोरा टर्बोही तेल टाकेल. एअर फिल्टर गच्च भरलेला असेल तरी टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढून तेल बाहेर येते. दिंडोरी रोडची धूळ खाल्लेल्या फिल्टरपायी टर्बो बदललेला मी स्वतः पाहिला आहे. शाफ्ट बोटाने आडवा हलवल्यावर किंचित खेळ जाणवणे स्वाभाविक आहे, कारण तो तेलाच्या थरावर तरंगतो. पुढे-मागे खेळ जाणवला किंवा पाती आवरणाला घासल्याच्या खुणा दिसल्या तर मात्र टर्बोचे आयुष्य संपले.

ब्रीदरची नळी उघडी सोडण्याचा सल्ला मला सगळ्यांत बेजबाबदार वाटतो. चेंबरमधील वायू उघड्यावर सोडणे प्रदूषणाच्या नियमांत बसत नाही, हा त्यातला लहान भाग. नळी काढलेले तोंड नीट बंद केले नाही तर सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरून मिश्रण बिघडते; उघड्या नळीतून ठिबकणारे तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडून पेट घेऊ शकते; आणि चेंबरमधील ओलावा खेचून नेणारी ओढच नाहीशी होते. त्यातही आपल्याकडची थंडी लक्षात घ्यायला हवी. निफाडचा पारा खाली घसरतो त्या दिवसांत कॉलेज रोडवर दोन-तीन किलोमीटर फिरून परत येणाऱ्या गाडीचे तेल पुरते तापतच नाही, आत जमलेले पाणी उडून जात नाही आणि झाकणाच्या आत पिवळसर लोण्यासारखा थर जमतो. तो पाहून लोक हेड गॅस्केट गेले आणि कूलंट तेलात मिसळले म्हणून हवालदिल होतात. कूलंट कमी होत नसेल तर गाडी महामार्गावर तासभर चालवून आणावी, बहुतेक वेळा तो थर नाहीसा झालेला दिसतो. कॅच कॅन, म्हणजे ब्रीदरच्या वायूतील तेल गोळा करणारा डबा, बसवायचाच असेल तर तो आत जाळी असलेला, दोन्ही बाजूंनी बंद जोडणीचा असावा आणि थंडीत तो लवकर लवकर रिकामा करावा; मात्र फाटलेल्या पडद्यावर तो उपाय नव्हे.

जाड तेलाबद्दल फार लिहिण्यासारखे काही नाही. थंडीतही पातळ राहणारे 0डब्ल्यू-40 तेल मागणाऱ्या इंजिनात जाड 20डब्ल्यू-50 भरल्याने सकाळच्या पहिल्या काही सेकंदांत तेल वर पोहोचायला उशीर होतो आणि पडदा फाटलेला तो फाटलेलाच राहतो.

तेलाच्या पातळीबद्दल मात्र त्या मजकुरात चकार शब्द नाही, आणि इनटेकमध्ये तेल येण्याचे सर्वांत साधे कारण तेच असते. ‘वरून अर्धा लिटर टाकून ठेवा’ ही आपल्याकडची सवय क्रँकला तेलात घुसळायला लावते, तेलाचा फेस होतो आणि तो ब्रीदरमधून निघतो. जुन्या, हवेने थंड होणाऱ्या पोर्शे 911 मध्ये तर ड्राय संप असल्यामुळे तेल वेगळ्या टाकीत राहते आणि पातळी इंजिन पूर्ण तापलेले, आयडलिंगला चालू आणि गाडी सपाट जागेवर असतानाच पाहायची असते. उभ्या गाडीत टाकीतील तेल हळूहळू इंजिनात उतरते, थंड इंजिनात डिपस्टिक कोरडी निघते, मालक घाबरून लिटरभर ओततो, आणि पुढच्या फेरीत जादा तेल टाकीच्या ब्रीदरमधून एअर फिल्टरच्या डब्यात जाते.

मजकुरातील धुराचा उल्लेखही सरसकट आहे. मुंबईकडे जाताना कसारा घाट उतरून झाल्यावर पाय पुन्हा ॲक्सिलरेटरवर पडताच निळ्या धुराचा एक लोट निघून थांबत असेल तर पहिला संशय व्हॉल्व्हच्या गाइड सीलवर घ्यावा, कारण पेट्रोल गाडीत मिटलेल्या थ्रॉटलमुळे उतारावर मॅनिफोल्डची ओढ सर्वांत जास्त असते. तोच घाट परत चढताना दमावर धूर सतत येत असेल तर रिंगांची शंका रास्त आहे. बॉक्सर इंजिन मात्र बरेच दिवस उभे राहिल्यावर सुरू करताना क्षणभर धूर टाकते, कारण आडव्या सिलिंडरमध्ये तेल साचून राहते. त्याकडे दुर्लक्ष करावे.

रिंगांचा खरा निवाडा काँप्रेशन आणि लीक-डाउन चाचणीतच होतो. काँप्रेशनचा, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब तयार करतो त्याचा, आकडा समुद्रसपाटीवरच्या पुस्तकी आकड्याशी ताडून पाहू नये. नाशिक सुमारे 600 मीटर उंचीवर असल्याने येथे तो सहा-सात टक्के कमीच येणार. चारही किंवा सहाही सिलिंडर एकमेकांशी ताडावेत. लीक-डाउनमध्ये पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडतात आणि ती कोठून निसटते ते कान लावून ऐकतात : थ्रॉटलमध्ये सूं ऐकू आले तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आले तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट, आणि तेलाच्या झाकणातून आले तर रिंगा. गळती दहा टक्क्यांच्या आत असेल तर निश्चिंत राहावे. वीसच्या पुढे असेल, झाकणातून हवा स्पष्ट ऐकू येत असेल आणि बादलीतही जोराचे बुडबुडे येत असतील, तर तो मजकूर लिहिणाऱ्याचे म्हणणे खरे आणि इंजिन उघडावेच लागेल.

आणखी एका बाबतीत त्याच्या घाईला आधार आहे. पाइपात तेल साचलेले दिसत असताना गाडी तशीच चालवत राहू नये, कारण द्रव दाबला जात नाही आणि सिलिंडरमध्ये पुरेसे तेल शिरले तर पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. त्या दोन आसनी गाडीला नवा सेपरेटर बसवल्यावर आम्ही ती लगेच सुरू केली नाही. आधी सगळे प्लग काढून इंजिन स्टार्टरवर फिरवले, मॅनिफोल्ड उतरवून तिरपा धरला. त्यातून निघालेल्या काळ्या तेलाने चहाचे दोन कप भरले. दुसऱ्या दिवशी बादलीतील नळीत पाणी पाच इंच चढून स्थिर राहिले.