मुडदे मोजून गँगची ताकद कळत नाही

सप्टेंबर २०२५ मध्ये अरुण गवळी नागपूर जेलमधून जामिनावर सुटला आणि आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला, मुंबईचं अंडरवर्ल्ड संपलं की परत आलं. अर्धे म्हणतात मकोका (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा) आणि एन्काउंटरनी सगळे सुतासारखे सरळ झाले, बाकीचे लगेच बाबा सिद्दीकींचा खून आणि बिश्नोई गँग पुढे करतात. दोन्हीकडचे ताकद मोजतात ती पडलेल्या मुडद्यांवरून, आणि न्यू जर्सीत इतकी वर्षं काढल्यावर मला ते मापच चुकीचं वाटतं.

इथल्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या, पाच माफिया फॅमिली, गॅम्बिनो, जेनोवेझी, लुकेसी, बोनानो, कोलंबो, आजही आहेत. पण ८० च्या दशकात मॅनहॅटनमध्ये टॉवर बांधायचा तर काँक्रीटच्या २० लाख डॉलरवरच्या कंत्राटात यातल्या चार फॅमिलींचे २ टक्के ठरलेले असायचे. रोज गोळ्या झाडायची गरजच नव्हती, युनियनच खिशात, काम बंद पाडलं की बिल्डर हात जोडून हजर. १९८६ च्या कमिशन खटल्यात (कमिशन म्हणजे या फॅमिलींच्या बॉस लोकांचं मंडळ) रिको या संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या अमेरिकन कायद्याखाली बॉस लोक दोषी ठरले, त्यातल्या बहुतेकांना १००-१०० वर्षांची शिक्षा झाली. आपला १९९९ चा मकोका याच जातकुळीतला.

पण खरी कंबर मोडली ती धंद्यावर हात घातल्यावर. न्यूयॉर्कमध्ये दुकानं-हॉटेलांचा कचरा खासगी कंपन्या उचलतात आणि ९० च्या दशकापर्यंत त्यांनी माफियाच्या छत्राखाली गिऱ्हाइकं आपसात वाटून घेतलेली, म्हणजे तुमचं दुकान कायमचं अमक्याचं, दुसऱ्याला बोलवायची सोयच नाही! १९९५ ला त्यांच्यावर खटले भरले, १९९६ मध्ये शहराने या कंपन्यांना लायसन्स देणारं सरकारी कमिशन काढलं, मालकांचा मागचा-पुढचा इतिहास तपासायला लागले आणि लोकांची बिलं धाडकन खाली आली. आजही तिथल्या कचऱ्याच्या ट्रकवर त्या कमिशनची नंबर प्लेट दिसते. ट्रक चालकांच्या टीमस्टर्स युनियनवर तर कोर्टाने वर्षानुवर्षं देखरेख ठेवली.

फॅमिली संपल्या नाहीत हेही खरं. नोव्हेंबर २०२३ मध्ये गॅम्बिनोच्या लोकांना कचरा आणि पाडकामाच्या धंद्यात खंडणी मागितल्याच्या आरोपाखाली पकडलं, ऑक्टोबर २०२५ च्या केसमध्ये आरोप आहे तो फिक्स केलेल्या पोकरचा. पत्त्यात लबाडी करून पैसे काढणं कुठे आणि अख्ख्या शहराच्या काँक्रीटवर टक्का घेणं कुठे.

म्हणून मला गवळीपेक्षा बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगची काळजी जास्त वाटते. सरपंच संतोष देशमुखांना डिसेंबर २०२४ मध्ये हाल हाल करून मारलं, आणि त्यामागे पवनचक्की कंपनीकडे मागितलेली २ कोटींची खंडणी होती असा आरोप आहे. तिथे दुबईतला भाई नव्हता हो! चाकणला माथाडीच्या नावाखाली कारखानदारांकडून पैसे उकळतात अशी ओरड किती वर्षं चाललीये. मग गवळी सुटला यावर रात्रभर भांडण्यापेक्षा सरकारला हे विचारा ना, की ती माणसं कोणाची, त्यांच्या युनियनच्या नोंदी आणि हिशोब कोण तपासतं, आणि शेवटचे कधी तपासले.