पॅनेल अंबडचं, ड्राइव्ह कुठला?

पहिली पाळी सुटली की सातपूरच्या टपरीवर आमचा कट्टा भरतो. काल आबा टेंडरचे कागद घेऊनच आले. अंबडला त्यांचं कंट्रोल पॅनेलचं वर्कशॉप आहे. स्थानिक मालाच्या रकान्यात त्यांनी १०० टक्के लिहिलं होतं. "माल अंबडलाच बनतो ना? सिंहस्थाचीच कामं बघ, ती नाशकात, मग माल नाशिकचा का नको?"

बापूंनी जन्मभर सरकारी स्टोअर सांभाळलं. ते म्हणाले, "आबा, सरकारी खरेदीत देशी मालाला प्राधान्य देणाऱ्या केंद्राच्या २०१७ च्या आदेशात स्थानिक म्हणजे भारतातलं. कोइमतूरचा माणूसही तुमच्याइतकाच स्थानिक." आणि तिथेच चलनाच्या पाठीवर हिशोब मांडला. लाखाचं पॅनेल, त्यात पीएलसी (यंत्राला हुकूम देणारा छोटा संगणक) आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारा) ५५ हजारांचे, दोन्ही आयात. उरले ४५ हजार: पत्रा, तांब्याचे बसबार, वायरिंग, मजुरी, नफा.

"पण ड्राइव्ह मी इथल्याच डीलरकडून घेतो."

"डीलर इथला, ड्राइव्ह बाहेरचा. तो धरायचा नाही. गाडीभाडं, बसवणीसुद्धा नाही."

स्थानिक वाटा ५० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर पहिला वर्ग, प्राधान्य त्यालाच. २० ते ५० मधला दुसरा वर्ग. त्याला भाव भरता येतो, प्राधान्य नाही. खोटं लिहून दिलं तर दोन वर्षांपर्यंत बंदी. आबांनी पेन काढून १०० वर काट मारली.

नाना मात्र पेटले होते. "पैसा करदात्यांचा आहे, स्वस्त मिळेल ते घ्यावं. हे लाड कशाला?"

इथे मला राहवलं नाही. लाड कसले? लघुउद्योगांसाठी केंद्राचं २०१२ चं धोरण बघा. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी भाव भरणारी, मोठी कंपनी, तिचा भाव एक लाख, आबांचा एक लाख बारा हजार. फरक १५ टक्क्यांच्या आत, म्हणून आबांना विचारणार, एक लाखात देता का? हो म्हटलं तर निदान २५ टक्के माल त्यांचा. खात्याचा रुपयाही जास्त जात नाही. बारा हजार आबांच्या खिशातून जातात.

म्हणूनच पेमेंट वेळेवर हवं. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात पैसे द्यायला ४५ दिवसांची मुदत आहे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. मागे एका खात्याने आबांचे पैसे सात महिने अडकवले होते. व्याज मागितलं का, मी विचारलं.

"मागितलं असतं, तर पुढचा माल तपासणीत पास झाला असता का?"

नानाही गप्प झाले. मला तर संतापच आला. भाव उतरवून माल देणाऱ्या माणसाने हक्काचं व्याज मागायलाही घाबरावं?

आबांनी चलन खिशात घातलं. "आपल्याकडे बनलेला ड्राइव्ह कितीला पडतो, उद्या विचारतो," म्हणाले, आणि रकाना कोराच ठेवून उठले.