सगळं खापर लोन्झोच्या गुडघ्यावर?

एनबीए बास्केटबॉलमधले शिकागो बुल्स प्ले-इनमध्ये (प्लेऑफच्या म्हणजे बाद फेरीच्या शेवटच्या जागांसाठीच्या सामन्यांत) गारद झाले की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: 'बास्केटबॉल विभागाचा प्रमुख म्हणून कार्निशोवासनं संघ बरोबरच बांधला होता. खेळाडू लोन्झो बॉलचा गुडघा गेला आणि नशीब फिरलं. मुद्दाम हरून लॉटरीच्या (नवे खेळाडू आधी कोण निवडणार, याच्या सोडतीच्या) मागे लागण्यापेक्षा झुंजत राहिलेलं बरं. आणि एवढंच वाईट चाललं असतं, तर आपलं स्टेडियम, युनायटेड सेंटर, भरलं असतं का?' तो पुढे ढकलणाऱ्यांत माझे दोन जुने मित्रही आहेत, म्हणून एकदा नीट उत्तर देतो.

आधी गुडघा. हे अर्धं खरं आहे, म्हणूनच इतकं चिवट आहे. १४ जानेवारी २०२२ ला लोन्झो जायबंदी झाला तेव्हा बुल्स २७-१३ (२७ विजय, १३ पराभव) होते, पूर्व विभागात पहिले. उरलेल्या सीझनमध्ये १९-२३. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत मिलवॉकीनं ४-१ नं घरी पाठवलं. लोन्झो परत कोर्टवर दिसला तो थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये. हे दुर्दैव नाही असं कोण म्हणेल?

पण याच डाव्या गुडघ्यावर २०१८ मध्ये, तो लेकर्सकडे असताना, शस्त्रक्रिया झाली होती. शिकागोला येण्याआधीच्या चार सीझनपैकी एकातही तो ६३ च्या वर सामने खेळला नव्हता. अशा गुडघ्यावर अख्खा डोलारा उभा करायचा आणि तो खचला की नशिबाला बोल लावायचा!

तरी तेही सोडून देतो. गुडघ्यानं एक सीझन गेला, समजू शकतो. पुढचे तीन कशानं गेले? २०२२, २०२३, २०२४ अशा तीन फेब्रुवारींत ट्रेड डेडलाइन (खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख) आली नि गेली, बुल्सनी एकही सौदा केला नाही. घेतलं नाही, विकलं नाही. लोन्झो कधी येणार याचा पत्ता नसताना तो येईल म्हणून थांबायचं, याला धीर म्हणत नाहीत, टाळाटाळ म्हणतात. फळ काय? ४०-४२, ३९-४३, ३९-४३. शेवटचे दोन आकडे मी चुकून दोनदा लिहिलेले नाहीत.

आता 'झुंजत राहण्या'बद्दल. या मंडळींचा आवडता दाखला म्हणजे एप्रिल २०२३ मध्ये टोरंटोत रॅप्टर्सशी झालेला प्ले-इन सामना. पहाटे गजर लावून मी तो पाहिला होता. बुल्स १९ गुणांनी मागे होते. बुल्सच्या डीरोझनची लहानगी लेक गॅलरीत बसली होती आणि रॅप्टर्सचा खेळाडू फ्री थ्रोला उभा राहिला की जीव खाऊन किंचाळायची. रॅप्टर्सनी ३६ पैकी १८ फ्री थ्रो चुकवले. आपल्या लव्हीननं ३९ गुण काढले, बुल्स १०९-१०५ नं जिंकले. मीही उशीत तोंड खुपसून ओरडलो. पण झुंज झुंज म्हणताना आपण काय साजरं करत होतो, तर दहाव्या नंबरच्या संघानं नवव्याला हरवलं, तेही समोरच्यानं निम्मे फ्री थ्रो वाया घालवल्यावर. दोन दिवसांनी मायामीत खेळ खलास. पुढच्या वर्षी पुन्हा मायामी. २०२५ मध्ये तर घरच्या मैदानावर मायामीकडूनच १०९-९०.

'मग काय टँकिंग करायचं, मुद्दाम हरायचं? हमी आहे का?' नाही. २०२५ मध्ये सगळ्यांत जास्त सामने हरलेल्या यूटाला पाचवा पिक (नवा खेळाडू निवडण्याची पाळी) मिळाला, हे मलाही ठाऊक आहे. पण तेव्हा तळाच्या तिघांना पहिल्या पिकची १४-१४ टक्के संधी होती आणि प्ले-इनमधून पडणाऱ्याला जेमतेम दीड-दोन टक्के. २००८ मध्ये १.७ टक्क्यांवर बुल्सना पहिला पिक आणि डेरिक रोझ लागला, म्हणून दर वर्षी मटक्याचा आकडा लावल्यासारखं बसायचं का?

शिवाय मुद्दाम हरा असं मी म्हणतच नाहीये. म्हणणं एवढंच आहे की विकायची ती वस्तू भाव असताना विका. डीरोझन गेला तेव्हा हाती आले ख्रिस दुआर्ते, दुसऱ्या फेरीचे दोन पिक आणि थोडी रोकड. २०२२ मध्ये लव्हीनला ५ वर्षांचे २१ कोटी ५० लाख डॉलर कबूल केले आणि २०२५ मध्ये त्याला सॅक्रामेंटोला धाडून काय मिळवलं, तर तीन खेळाडू आणि डीरोझनला आणताना गहाण टाकलेला स्वतःचाच पिक! गहाण सोडवून आणल्याचा केवढा तो गाजावाजा. ओरलँडोकडून वूचेविचला आणताना पहिल्या फेरीचे दोन पिक दिले होते, त्यातल्या एकावर ओरलँडोनं फ्रांझ वॅगनर घेतला. त्यावर मी फार बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

आणि आपला बचावपटू कारुसो. ओक्लाहोमा सिटीकडे पिकांचा ढीग होता. त्यांना कारुसो दिला आणि बदल्यात एकटा गिडी घेतला, पिक एकही नाही. गिडी चांगला खेळतोय, मान्य. पण निदान एक तरी पिक मागायचा ना?

राहिलं भरलेलं स्टेडियम. गर्दीच्या यादीत बुल्स वर्षानुवर्षं सगळ्यांत वर असतात, हे खरंच. ती गर्दी १९९१ ते १९९८ मधल्या सहा विजेतेपदांच्या पुण्याईवर येते, ३९-४३ वर नाही. लव्हीनला विकेपर्यंत या मालकांनी लक्झरी टॅक्स (पगारांची ठरलेली मर्यादा ओलांडल्यावरचा दंड) भरला तो एकदाच, २०१२-१३ मध्ये. तिकिटं अशीही खपतातच, मग खिशात हात कशाला घालायचा? मित्रांनो, भरलेल्या खुर्च्या तुम्ही मॅनेजमेंटच्या बाजूचा पुरावा म्हणून दाखवता. मला तर तेच त्यांच्या सुस्तीचं कारण दिसतं.

कारुसो आता कुठे आहे म्हणाल, तर जून २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी चॅम्पियन झाली. ट्रॉफीभोवतीच्या त्या घोळक्यात तो होता.